मागच्या भिंतीतलं दार

बोरीहून निघालेली बैलगाडी वालूरच्या शिवारात शिरली तेव्हा उन्हं कलली होती. मनकर्णा गाडीत बसलेली नव्हतीच. शेवटच्या ओढ्यापाशी ती खाली उतरली आणि बैलांच्या पुढं चालायला लागली. गाडीवान हसला. दसऱ्यानंतर माहेरी गेलेली बाई शिमग्याच्या तोंडावर परत येत होती आणि एवढ्या काळात गावात तिचं नवं घर उभं राहिलं होतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

तिची आई बायनाबाई अंथरुणाला खिळली होती म्हणून तिला जावं लागलं. बांधकाम सुरू व्हायला आणि बोरीचा सांगावा यायला एकच गाठ पडली. आई उठून चुलीपाशी बसायला लागली, भाकरी नीट थापली नाही म्हणून सुनेला बोलायला लागली, तेव्हा मनकर्णाला कळलं की आता निघायला हरकत नाही. निघताना बायनाबाई म्हणाली, "जा. तुझं अर्धं ध्यान त्या नव्या घराच्या भितीकडंच हाय."

ते खोटं नव्हतं. जागा नवऱ्याच्या, लिंबाजीच्या, वाटणीत आलेली. पण घर कसं असावं, हे मनकर्णानं ठरवलं होतं. मुंजाजी गवंड्यानं कामाचा गुत्ता, म्हणजे ठेका, घेतला त्या दिवशी चुन्याच्या फक्कीची पाटी तिनं स्वतःच्या हातात धरली होती आणि सारवलेल्या जमिनीवर रेघा ओढत गेली होती. तीन खणांचं माळवद. तोंड उगवतीला, आडाकडं. पुढं ओसरी. मावळतीची मागची भिंत सलग, आणि तिच्या मधोमध देवाची देवळी, म्हणजे सकाळचं पहिलं ऊन पुढच्या दारातून थेट देवावर पडावं. बघायला जमलेल्या माणसांसमोर माणिकराव पाटील म्हणाले होते, "मुंजाजी, कागद करायचा तर पाथरीला जावं लागंल, आन् तिथला उर्दू कागद तुलाबी वाचता यायचा न्हाई आन् हिलाबी. ह्या रेघा म्हंजी तुझा शबूद."

"शबूदच हाय," मुंजाजी म्हणाला होता.

आता ती आवारात आली, तर समोर खरोखरच घर उभं होतं. दगडांचे सांधे घट्ट बसलेले, ओसरीचे खांब सरळ. आत गेली तर माळवदाच्या सवण्यातून, छतातल्या झरोक्यातून, उजेडाचा गोल तुकडा जमिनीवर पडलेला. ओल्या मातीचा आणि नव्या लाकडाचा वास येत होता. भिंतीवर हात फिरवत ती पहिल्या खणातून दुसऱ्यात गेली, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि मागच्या भिंतीपाशी येऊन थांबली.

देवळी नव्हती. तिथं दार होतं.

चांगलं कडुलिंबाच्या लाकडाचं दार. चौकट, फळ्या, आतून लावायची कडी, सगळं होतं. तिनं कडी काढली. दार उघडलं. पलीकडं थोरल्या दिराचं, भुजंगरावांचं परस. कडब्याची गंजी, शेणी, चिंचेचं झाड. तिनं दार लावलं. परत उघडलं. दुसरी एखादी असती तर तिथंच कपाळावर हात मारून बसली असती. मनकर्णाला राग यायचा होता, पण त्याच्या आधी एक प्रश्न येऊन उभा राहिला. न सांगितलेलं काम गवंडी कशाला करेल? कमी केलं असतं तर समजलं असतं. हा तर जास्तीचा खटाटोप.

लिंबाजी शेतातून आला तेव्हा ती तिथंच उभी होती.

"आवो, हे दार कुणाचं?"

"म्हंजी?" लिंबाजी गोंधळला. सुगीभर तो खळ्यावर राहिला होता. ज्वारीची राखण, मग मोडणी, मग मळणी. घराकडं यायचा तो आठवड्याच्या बाजाराला जाताना. "तूच धाडला होता ना निरोप बोरीहून? मुंजाजी म्हणला, घरधनिणीचा निरोप आला, म्हून मागं दार काढलं. मला वाटलं, तुझ्या मनात आलं आसंल."

"मी कुणाकडंबी निरोप धाडला न्हाई."

लिंबाजी दाराजवळ आला. मग मनकर्णा त्यातून बाहेर गेली आणि परत आत आली. आणखी एकदा गेली. लिंबाजीला वाटलं, हिला प्रवासाचा शीण आलाय.

"ह्येला उंबरा कुठाय?" ती म्हणाली.

उंबरा होता, पण नावाला. पुढच्या दाराचा उंबरा चांगला वीतभर उंच होता, जसा सगळ्यांच्या घराला असतो. पावसाचं पाणी आत येऊ नये, विंचूकाटा येऊ नये. मागचा मात्र जमिनीच्या अंगाला लागलेला. बाहेरच्या बाजूला तर कुणीतरी एक चपटा दगड आणून टेकवला होता, म्हणजे पाऊल उचलायचंच काम नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुंजाजीकडं गेली. तो गावाच्या दुसऱ्या टोकाला एका आडतीच्या कोठाराची भिंत चढवत होता. तिला बघून तो ओळंबा खाली ठेवून उतरला. चेहऱ्यावर कौतुक ऐकायची तयारी होती.

"कसं झालंय घर, वहिनी?"

"भिती लय देखण्या झाल्या, मुंजाभाऊ. पण दार काढायचं तुमाला कुणी सांगितलं?"

"तुमीच."

"मी बोरीला होते."

"निरोप आला ना. चतुराबाई चिखल वाहायला होती कामावर, तिनं सांगितलं. मनकर्णाबाईचा निरोप हाय, देवळीच्या जागी दार काढा, आन् उंबरा बसका ठेवा." त्यानं हातावरची माती झटकली. "मलाबी वाटलं, उंबरा बसका कामून? पण मालकाचं मन. आमी काय, सांगितलं ते करायचं."

"बसका ठेवा, असं निरोपातच होतं?"

"व्हय. ते दोनदा सांगितलं चतुरानं."

मनकर्णाला हे ऐकून मौजच वाटली. खोटा निरोप धाडणाऱ्याला दार पाहिजे होतं, हे एक झालं. पण त्याला बसका उंबरा पाहिजे होता, हे निराळंच. दार कुणालाही पाहिजे असेल. बसका उंबरा एखाद्यालाच.

चतुराबाई घरापुढं हुलगे पाखडत बसली होती. तिनं काही लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं आहे हेच तिला माहीत नव्हतं. "थोरल्या बाईनं सांगितलं की. धुरपताबाईनं. म्हणल्या, बोरीकडून माणूस आला होता, तो त्येंच्यापाशी बोलून गेला. जाऊच हाय तुमची, म्हून मी जाऊन सांगितलं."

धुरपताबाई म्हणजे भुजंगरावांची बायको. वाटण्या झाल्यापासून दोन्ही घरांचं बोलणं सणावारापुरतंच होतं. भांडण असं नव्हतं. पण वाटणीच्या चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा आड लिंबाजीच्या वाट्याला गेला, आणि तो आड खोदताना तरण्या भुजंगरावांनी बापाबरोबर माती उपसली होती. चिठ्ठी बघून ते उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, त्या आडाचं पाणी माझ्या ओठाला लागणार नाही. त्या दिवसापासून त्यांच्या घरी पाणी यायचं ते वेशीबाहेरच्या विहिरीचं.

लिंबाजीनं हे सगळं ऐकलं आणि त्याला एकदम उमगलं, असं त्याला वाटलं. "दादाचं काम. मागून दार, पुढं आड. आज दार, उद्या त्यातून येणं-जाणं, परवा म्हणतील, वहिवाट हाय." तो तसाच पायांत वहाणा सरकवून पाटलाकडं गेला आणि परत आला तो पाटलाचंही तेच म्हणणं घेऊन. वहिवाट एकदा पडली की मग तहसिलीतही लवकर मिटत नाही. दार बुजवायचं तर आत्ताच. पाटील उद्या सकाळी स्वतः बघायला येणार होते.

"भाऊजींचं काम न्हाई हे," मनकर्णा म्हणाली.

"तुला काय ठावं?"

"जे पाणी पेणार न्हाईत, त्या पाण्याला वाट कशाला काढतील?"

लिंबाजीनं वहाणा परत पायांत सरकवल्या. तो बैलांना वैरण टाकायला गेला.

मनकर्णा मागच्या दारात जाऊन बसली. काहीतरी हाताशी असावं म्हणून तिनं तुरीची डाळ निवडायला घेतली होती. परसाच्या पलीकडं बोळ होता आणि बोळातून वेशीकडची वाट जायची. थोड्या वेळानं त्या वाटेनं धुरपताबाई येताना दिसल्या. डोक्यावर घागर, काखेत कळशी. परसाच्या तोंडाशी एक दगडी पायरी होती. तिथं त्या थांबल्या. डावा पाय वर ठेवला, भिंतीला हात टेकला, आणि उजवा पाय मागून ओढून घेतला, जसं एखादं ओझं ओढावं. पाणी हिंदकळून खांद्यावर सांडलं. गुडघा इतका सुजलेला होता की लुगड्यातूनही कळत होता.

पाच महिन्यांपूर्वी हे इतकं नव्हतं. की होतं आणि आपण बघितलं नव्हतं, ते मनकर्णाला सांगता आलं नाही.

ती उठली. बसक्या उंबऱ्यावरून पलीकडं गेली आणि घागर उतरवून घेतली. धुरपताबाईंनी आधी घागरीकडं बघितलं, मग दाराकडं.

"आक्का, उंबरा बसका कामून, ते कळलं मला," मनकर्णा म्हणाली.

धुरपताबाई चिंचेखालच्या दगडावर बसल्या. पदरानं खांदा पुसला. "लिंबाजीला सांगितलंस?"

"आजून न्हाई. आधी तुमाला विचारावं म्हणलं."

"विचार मग."

"मला का मागितलं न्हाई पाणी?"

धुरपताबाईंनी पाय लांब केला. त्या गुडघा चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "मागितलं आसतं तर तू दिलं आसतंस. ते ठावं होतं म्हून न्हाई मागितलं. रोज घागर भरायला येणार, रोज तू वसरीवर बसलेली आसणार. मला वाटणार, हिनं दिलंय म्हून पेतेय. दार आसलं की वाट होती. वाटंनं चालाया कुणाची मेहेरबानी लागत न्हाई."

"वाट माझ्या देवळीतून काढली तुमी."

"व्हय."

"माझ्या नावानं."

"ते चुकलंच," धुरपताबाई म्हणाल्या. "गुत्तेदार दुसऱ्या कुणाचं ऐकला नसता. तुझ्याच नावानं ऐकला."

मनकर्णाला ह्यात राग यावा की हसू यावं कळेना. सगळं ठरवून केलं होतं बाईनं. उंबऱ्यापर्यंतचा विचार केला होता. "आन् भाऊजी?"

"त्येंला ठावंच न्हाई. त्येंला वाटतं, तुमीच काढलंय दार, आमच्या परसात डोकवायला. चार दिवस झाले, ह्या बाजूला बसतबी न्हाईत."

आता मात्र मनकर्णा हसली. मग तिनं विचारलं, "जातं तुमच्याकडंच हाय ना, सासूबाईचं?"

"हाय. पडून हाय. दगड लय जड. एकटीच्यानं फिरत न्हाई, आन् लेकी नांदायला गेल्या. जात्याला दोघी लागतात."

"मी दळायला पार वाण्याच्या आळीत जाते. दुसऱ्याच्या दारात." मनकर्णा उठली. "आक्का, दार मी बुजवणार. भित माझी हाय, आन् ती मी आखली तशीच पाहिजे मला. पण पाण्याचं निराळं बोलू."

धुरपताबाईंनी मान हलवली. होकार होता की नुसतंच ऐकलं, ते कळलं नाही.

सकाळी माणिकराव पाटील आले. काठी टेकत त्यांनी सगळं घर आतून बाहेरून बघितलं, दाराची कडी वाजवून बघितली, बसक्या उंबऱ्यावर उभे राहिले. मुंजाजीला बोलावणं गेलं होतं. तो आला तो तयारीनंच आला.

"पाटील, मी काय कमी केलंय का? रेघेपरीस जादाच केलंय. दाराला काय मेहनत लागत न्हाई? उलट घरात वारा खेळायलाय."

"मुंजाभाऊ," मनकर्णा डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "मी भाकर मागितली आन् तुमी माझ्या ताटात कारल्याची भाजी वाढली, तर तुमी म्हणणार का, जादा वाढलं?"

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "गुत्ता घेतला म्हंजी घर घेतलं, असं न्हाई मुंजाजी. घर त्येंचं. तुझ्याकडं फकस्त काम. रेघ बदलायची तर ज्येनं रेघ मारली त्याला विचारायचं."

"निरोप आला होता."

"निरोप कुणाचा, ते बघितलं का?"

मुंजाजीनं मान खाली घातली. लिंबाजीनं घसा खाकरला आणि परसाकडं बोट केलं. "पाटील, हे दादाचं..."

"निरोप माझा," आवाज आला.

दारातून धुरपताबाई आत येत होत्या. उंबऱ्यावर त्यांना थांबावं लागलं नाही. त्यांच्या मागं परसात भुजंगराव उभे होते, घोळका बघून आलेले. बायकोचे शब्द ऐकून त्यांचा चेहरा असा झाला की लिंबाजीनं आपलं बोट खाली घेतलं.

"चतुराला मी सांगितलं," धुरपताबाई म्हणाल्या. "बोरीचा माणूस-बिणूस कुणी आला न्हवता. माझा गुडघा चालत न्हाई. आड जवळ पडंल म्हून."

पाटलांनी मुंजाजीकडं बघितलं. मग मुंजाजीला धीर आला. "बघा पाटील. मला फसवलं. मग माझा दोष काय?"

"दोष हाच, की विचारलं न्हाई," मनकर्णा म्हणाली. "मी बोरीला होते, ते खरं. पण धनी खळ्यावर होते, हाकंच्या अंतरावर. देवळीच्या जागी दार, एवढी मोठी गोष्ट. एकदा जाऊन विचारायचं."

"त्येंला सांगितलं होतं मी."

"झाल्यावर सांगितलं," लिंबाजी म्हणाला. "चौकट बसली होती तवा."

मुंजाजीनं मान खाजवली. तो वाईट माणूस नव्हता, आणि खोटं फार वेळ धरून ठेवणं त्याला जमत नसे. "खरं सांगू का? विचाराया गेलो आसतो तर काम थांबलं आसतं. चिखल मळलेला, माणसं उभी. गवंड्याला थांबलेलं काम बघवत न्हाई. म्हणलं, बाईचा निरोप हाय, काढून टाकू."

"मग आता थांबव काम आडतीवरचं," पाटील म्हणाले, "आन् हितलं पुरं कर. दगड तुझा, हात तुझे. भित सलग, मधी देवळी. जशी रेघ होती तशी."

मुंजाजीनं हुज्जत घातली नाही. फक्त चौकटीवर हात ठेवून म्हणाला, "आन् ह्याचं काय करू? सुताराचं चांगलं काम हाय."

मनकर्णा याच प्रश्नाची वाट बघत होती. "लाकूड आमच्याच लिंबाचं हाय. दोन्ही आवारांच्या मधी, घराच्या कडंनं आडाकडं जो दगडी गडगा गेलाय, त्यात बसवा. आडाच्या जवळ." मग ती पाटलांकडं वळली, कारण थोरल्या दिराशी थेट बोलायची रीत नव्हती. "पण पाटील, गडगा आर्धा थोरल्यांचा हाय. त्येंना न विचारता मी त्यात दार घातलं, तर मी मुंजाभाऊपरीस येगळी कशी? त्येंना विचारा. आड आमचा, जातं त्येंचं. पाणी त्येंनी न्यावं, दळायला मी जाईन. कुणाची कुणावर मेहेरबानी न्हाई. वहिवाटबी न्हाई. दोघांच्या मर्जीनं हाय, तवर हाय."

पाटलांनी परसात बघितलं. "काय भुजंगा?"

भुजंगराव दाराजवळ आले. चिंचेकडं बघितलं, गडग्याकडं बघितलं, बायकोच्या पायाकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. लिंबाजीला वाटलं, आता ते पाठ फिरवून जाणार.

"तिचा गुडघा दुखतोय, ते मला दिसत न्हाई असं न्हाई," ते शेवटी म्हणाले. "पण ती मला बोलली न्हाई कधी." मग पाटलांकडं बघून, "आर्ध्या गडग्याला माझी ना न्हाई. मी मातर ते पाणी पेणार न्हाई."

"तुमाला कोण प्या म्हणतंय?" धुरपताबाई म्हणाल्या.

मुंजाजीनं होळीच्या आत काम आटोपलं. दार काढताना त्यानं चौकटीला एक ओरखडा येऊ दिला नाही. भिंत बांधताना मात्र त्यानं मनकर्णाला जेरीस आणलं. दर थराला तो हाक मारायचा. वहिनी, दगड हा ठेवू का तो? देवळी एवढ्या उंचीवर बरी का? कमान करू का सपाट? तिच्या हातात पीठ असायचं, चुलीवर काही असायचं, तरी ती येऊन बघायची आणि सांगायची. तिला त्याचा कंटाळा आला नाही. उलट कमानीचे दगड एकमेकांना कसे धरून बसतात, मधला शेवटचा दगड बसेपर्यंत खालून टेकू का लागतो, हे तिनं त्याच्याकडून नीट समजून घेतलं.

गडग्यातल्या दाराला उंबरा ठेवलाच नाही. सकाळी मनकर्णा पायलीभर ज्वारी घेऊन पलीकडं जायची. दोघी जणी समोरासमोर बसून खुंटा धरायच्या. पहिले काही दिवस जात्याचाच आवाज तेवढा होता, मग हळूहळू बोलणंही सुरू झालं. दळण झालं की धुरपताबाई घागर घेऊन आडावर यायच्या, स्वतः पोहरा सोडायच्या, स्वतः ओढायच्या. मनकर्णा ओसरीवर असली तरी मुद्दाम उठून मदतीला जात नसे.

एक दिवस तिला राहवलं नाही. "आक्का, भाऊजींसाठी आजून वेशीबाहेरून आणता का पाणी?"

"आणते की. एक कळशी."

"आन् ते तेवढंच पेतात?"

धुरपताबाईंनी पोहऱ्याचा दोर गुंडाळून ठेवला. "रांजण एकच हाय घरात," त्या म्हणाल्या. "कळशीबी त्यातच वततेय, घागरीबी त्यातच. ते काय विचारत न्हाईत."

त्यांनी घागर कमरेवर घेतली आणि दारातून पलीकडं गेल्या.